हेक्टरचे गुडघे

हेक्टरचे गुडघे निळे पडत नसत. डिसेंबरातल्या डोंगरमाथ्यावर, किल्टच्या, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चौकटीच्या घागऱ्याच्या, खाली आणि मोज्यांच्या वर जो वीतभर पाय उघडा राहतो, तो गावातल्या बाकी पुरुषांचा जांभळा होई. हेक्टरचा शेवटपर्यंत एकसारखा बिस्किटी.

हे गुडघे उनाला महागात पडत होते. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून गावातल्या साऱ्या डोंगरचढ्यांचे मोजे तीच विणत असे. टाच आणि चवडा विणताना ती लोकरीसोबत नायलॉनचा धागा घेई. नुसत्या लोकरीच्या टाचेची एका हिवाळ्यात जाळी होते. निव्वळ लोकरीचा हट्ट धरणारा एकटा हेक्टर.

"किल्ट घालणाऱ्या गड्याच्या अंगाला नायलॉन शिवता कामा नये, उना. आमच्या आज्यानं घातलं होतं का कधी?"

"तुझ्या आज्याच्या टाचा कुणी पाहिल्यात?"

पण मंडळी टाचा पाहत नव्हती, गुडघे पाहत होती. नववर्षाच्या चढाईला निघताना पोस्टमन टोरक्विलने, तिच्याच जुन्या विद्यार्थ्याने, विषय काढला.

"बाई, राग मानू नका. पण थंडी शिरते ती तुमच्या त्या नायलॉनमधूनच. हेक्टरकाकांचे गुडघे बघा ना! एक तर नायलॉन सोडा, नाहीतर पुढच्या साली आम्ही मोजे बाहेरून मागवतो. खाली उतरलो की ठरवून टाकू."

"उतरलो की ठरवू," उना म्हणाली. विरणारी टाच ती विणणार नव्हती, आणि विणकाम गेले तर लांबलचक हिवाळ्यात करायला दुसरे काही नव्हते.

तिने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. हेक्टर आणि टोरक्विल, दोघांचेही मोजे रफू करायला तिच्याकडे आले होते. माप एक, रंग एक. फरक काय तो टाचेत, आणि टाच बुटात. परत देताना तिने जोड्यांची अदलाबदल केली होती.

माथ्यावर वारा बोचू लागला. निव्वळ लोकर घातलेल्या टोरक्विलचे गुडघे जांभळे झाले. नायलॉनच्या टाचेवर उभा असलेला हेक्टर बिस्किटीच राहिला.

"बघा रे पोरांनो!" त्याने गुडघ्यावर थाप मारली. "याला म्हणतात निव्वळ लोकर!"

उनाने मान डोलावली. म्हणजे कारण मोज्यांत नव्हते.

उतरताना हरणांसाठी घातलेले काटेरी कुंपण आडवे आले. हेक्टरने ऐटीत तंगडी पलीकडे टाकली आणि तारेचा काटा गुडघ्यात रुतला. त्याने हिसका दिला. गुडघ्यावर एक उभी चीर पडली, सरसर खाली मोज्यात उतरली, आणि तितक्याच वेगाने वर किल्टमध्ये शिरली.

"अरे बापरे! काकांची कातडी सोलली!" टोरक्विल ओरडला. "पट्टी आणा कुणीतरी!"

रक्त आले नाही.

उना वाकली. चिरेची कड तिने चिमटीत धरून ओढली. कातडी चांगली दोन बोटे लांबली, आणि सोडताच चट्‌दिशी जागेवर बसली.

हेक्टर ढगांकडे पाहू लागला. "हळू बोल गं, उना," तो पुटपुटला. "आमची इशबेल घरभर शोधतेय ते."

उना कधीच हळू बोलत नसे; तीस वर्षे तिने शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला होता. आधी तिने मोज्यांची अदलाबदल सांगितली. टोरक्विलने आपल्या बुटांकडे पाहिले, मग हेक्टरच्या. मग तिने कारण सांगितले: टोरक्विलचे गुडघे निळे पडतात, कारण ते उघडे असतात; हेक्टरचे पडत नाहीत, कारण तो कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत बायकोच्या कातडीरंगी स्टॉकिंगमध्ये असतो, आणि ते स्टॉकिंग निव्वळ नायलॉनचे आहे.