जामीनदाराची रिक्षा

लालमहंमद नोकरी सोडून गेल्याचं सोमवारी पहिल्या शिफ्टला कळलं. त्याच्या मशीनवर दुसराच माणूस उभा होता. खराळवाडीतल्या त्याच्या खोलीला कुलूप होतं.

जेवणाच्या सुट्टीत पतपेढीचे चिटणीस सोपानराव कॅन्टीनमध्ये आले. कोंडीरामच्या समोरच बसले.

"लालमहंमदच्या कर्जाला जामीन तूच ना?"

"व्हय."

"पळाला तो. बहिणीच्या लग्नाला म्हणून कर्ज काढलं आणि चौदा हप्ते भरून गायब. बाकीचे तुझ्या पगारातून कापावे लागणार."

"कापा."

सोपानराव बघतच राहिले. "अरे, तुझं घराच्या पत्र्याचं कर्ज अजून चालू आहे. दोन-दोन हप्ते गेल्यावर खाशील काय?"

"एकट्याला कितीसं लागतंय?"

कोंडीरामची बायको नीला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. दीड वर्ष तिचं दुखणं चाललं. त्यातले साडेचार महिने ती पुण्याच्या दवाखान्यात होती. शिफ्ट सुटली की कोंडीराम डबा घेऊन तिकडे जायचा.

शेजारचा भीमराज म्हणाला, "काय राव, तुला लग्नाला बोलावलं तरी होतं का त्यानं? आमाला तर लाडूचा कण न्हाई मिळाला."

सगळे हसले. कोंडीराम डबा धुवायला उठला.

दोन वर्षांनी मंदी आली. कंपनीने चाळीस माणसं कमी केली, त्यात कोंडीरामचं नाव होतं. पत्र्याचं कर्ज तोवर फिटलं होतं, पण लालमहंमदच्या कर्जाचे अकरा हप्ते थकले. पतपेढीच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल शाईने 'थकबाकीदार' लिहिलं गेलं.

मग तो चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलू लागला. कुरुळीच्या घरून पहाटे पायी जायचा. दर महिन्याच्या सात तारखेला पतपेढीत येऊन पैसे भरायचा आणि पावती घेऊन जायचा. थकलेले अकरा फिटले, पुढचेही फिटले. एवढ्या दिवसांत त्याने लालमहंमदला एक शिवी दिली नाही. दुसरा कुणी द्यायला लागला, तर तो उठून जायचा.

"माणूस न्हाई, देव हाय," शेजारच्या शालनबाई म्हणायच्या. "माझ्या घरधन्यानं तर त्या लालमहंमदच्या गावाला जाऊन तंगडी मोडली असती."

शेवटची पावती मिळाली तोवर कोंडीरामची पाठ गेली होती. डॉक्टरांनी पोती बंद केली. तो पिंपरीच्या गॅरेजवाल्या इब्राहिमची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवू लागला. चार महिन्यांनी इब्राहिमने ती विकायला काढली.

"घेतोस का? महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढं मात्र नाही. निगडीचा एक जण रोख घेऊन बसलाय."

रिक्षा गेली तर पोट कशावर भरायचं, हे कोंडीरामला सुचेना. सावकार महिन्याला शेकडा तीन मागत होता. बँक गरिबांना वर्षाला चार टक्क्यांनी देते, असं त्याने ऐकलं होतं. तो बँकेत गेला.

मॅनेजर तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला. "आधी कुठे थकबाकी होती?"

"व्हती. पतपेढीत. अकरा हप्ते."

"मग अवघड आहे. पतपेढीचा दाखला आणा, बघू."

सोपानरावांनी वही काढली. "लाल शाईचं मला लिहावंच लागेल, कोंडीराम. पण खाली माझ्या हाताने दोन ओळी घालतो."

"नगा घालू."

"गप रे."

महिना संपायला तीन दिवस होते. मॅनेजरांनी दाखला मोठ्याने वाचला. "'कर्ज दुसऱ्याचे होते. कर्जदार पळून गेला. जामीनदाराने पाठीवर पोती वाहून पै न् पै फेडली. असा सभासद आमच्या पतपेढीत दुसरा नाही.'" त्यांनी वर पाहिलं. "खरं आहे हे?"

"पोती वाह्यली, ते खरं हाय."

मॅनेजर हसले. "स्वतःचा मोठेपणा सांगवत नाही तुम्हाला. अहो, आमच्याकडे चांगल्या नावाची माणसं स्वतः घेतलेलं बुडवतात. तुम्ही दुसऱ्याचं फेडलंत. तुम्हाला नाही द्यायचं, तर कुणाला?" त्यांनी सही केली आणि उठून हात पुढे केला. कोंडीरामने आधी तळहात धोतराला पुसला.

रिक्षा त्याच्या नावावर झाली त्या दिवशी इब्राहिमने शंभराच्या दोन नोटा परत केल्या.

"ठेव. आमच्याच माणसानं तुला बुडवलं. आजही शरम वाटते."

"न्हाई घेणार," कोंडीराम म्हणाला. "इब्राहिमभाई, न्हाई घेणार."

इब्राहिमचे डोळे भरले.

पिंपरी स्टेशनच्या रिक्षास्टँडवर सोपानरावांनी नारळ फोडला आणि जमलेल्यांना सांगितलं, "या माणसाकडून शिका. एका विश्वासघातक्यापायी याने पाच वर्षं घातली." भीमराजने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोंडीराम हँडल धरून बसला होता. पतपेढीच्या नियमाने एका माणसाला दोन कर्जं मिळत नव्हती, म्हणून नीलाच्या दवाखान्यासाठी लालमहंमदने बहिणीच्या लग्नाचं कारण सांगून स्वतःच्या नावावर कर्ज काढून सगळे पैसे कोंडीरामच्या हातात दिले होते. चौदा हप्ते त्याने आपल्या पगारातून जाऊ दिले, एकदाही मागितले नाहीत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कोंडीरामचा निरोप घेऊन तो उदगीरला निघून गेला. हे कोंडीरामने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.