जाहिराती वगळून

मालिका चालू असताना मध्ये कुणी बोललेलं बाबांना अजिबात खपत नाही. त्यांच्यासाठी मी टीव्हीला जोडायचा रेकॉर्डर आणला. मालिका त्यात साठवायची, हवी तेव्हा लावायची आणि जाहिराती आल्या की पुढे पळवायच्या. किंमत ऐकून बाबा आधी माझ्यावरच उखडले. पण तासाभराचा भाग चाळीस मिनिटांत उरकायला लागला, तसे म्हणाले, "पैसे वसूल!"

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. "ते यंत्र दुकानदार परत घेईल का रे?"

"का? बिघडलं?"

"छे, झकास चाललंय."

"मग?"

आई जरा घुटमळली. "गुडघा कसा आहे, गोळी घेतलीस का, हे सगळं तुझे बाबा मला जाहिराती लागल्या की विचारायचे."