अंगठ्याशेजारचं बोट

ओव्हनमधून ट्रे काढून बाहुलीवालीनं बोट चिमट्यानं उचललं आणि बर्फाच्या पाण्यात सोडलं. गरम असतानाच असं गार केलं की ही पॉलिमर क्ले निवळते. कच्ची असताना ती मेणासारखी पांढुरकी दिसते. भाजली की पुरती पारदर्शक होत नाही, पण उजेड थोडा आत घ्यायला लागते, माणसाच्या कातडीसारखी. म्हणून तर गिऱ्हाइकं तिच्या बाहुल्यांचे हात आधी चाचपून बघत आणि मग किंमत विचारत. रंग चिमूटभरच घालायचा, तोही बेतानं, कारण भाजल्यावर तो गडद होतो.

आजचं बोट बाहुलीचं नव्हतं. नवऱ्याचं होतं.

लेकीचं लग्न ठरलं होतं. संध्याकाळी मुलाकडची माणसं पहिल्यांदाच घरी यायची होती, फोटोग्राफर बोलावला होता. परवा लेक तिच्या टेबलाशी येऊन घुटमळली होती.

"आई, तू एवढे हात करतेस, बाबांचं एक बोट करशील? मुलाकडच्यांना अजून सांगितलं नाहीये मी."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"तेच तर. मग दिसायला तरी कशाला हवं?"

बाहुलीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पत्रा कापायच्या मशीननं नवऱ्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट नेलं, तेव्हा ही लेक पोटातही नव्हती. पुढे चालायला शिकली ती त्या उरलेल्या थोटक्या बोटाला धरून. तेवढंच तिच्या मुठीत बरोबर मावायचं. दुसऱ्या कुणी बोट पुढे केलं तर भोकाड पसरायची. पण ऐन लग्नाच्या तोंडावर लेकीशी वाकडं नको, म्हणून तोंडात आलेलं गिळून आईनं क्ले मळायला घेतली होती.

नवरा नवा शर्ट घालून आला. "आण, कुठे आहे नवा भिडू?"

पेनाचं टोपण बसवावं तसं त्यानं बोट थोटक्यावर चढवलं. चपखल बसलं. नखसुद्धा हुबेहूब, रंग न घातलेल्या क्लेचा पापुद्रा लाटून केलेलं. त्यानं हात उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि हसायलाच लागला.

"अगं, हे तर तरणंताठं आहे. शेजारच्यांकडे बघ जरा."

तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. बाहुल्यांचे रंग जुळवण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं हे बोट करताना एकदाही नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती. नवी नवरी असताना हातात घेतलेलं बोट तिला पाठ होतं, ते तिनं जसंच्या तसं केलं होतं. उरलेली बोटं मधल्या काळात राबून काळवंडली होती, पेरं जाड झाली होती. हे मात्र गेलं त्या दिवशी होतं तसंच होतं.

"आता दुसरं करायला वेळ नाही हो," ती म्हणाली. "द्या इकडे, ठेवून देते."

"राहू दे. मला आवडलं."

तेवढ्यात लेक नटूनथटून आली. बोट बघून तिचा चेहरा पडला.

"आई, हे उलट जास्तच डोळ्यावर येतंय. बाबा, असं करा ना, हात खिशातच ठेवा."

"ठेवतो की," तो म्हणाला. त्यात काय एवढं, अशा आवाजात.

फोटोत त्याचा उजवा हात खिशात होता. फोटो झाल्यावर मुलाचे वडील हात पुढे करून आले. त्यानं लेकीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं. त्यानं डावा हात पुढे केला. पाहुणे जरा गोंधळले, मग त्यांनीही हात बदलला. चहाचा कपही त्यानं डाव्याच हातानं धरला. बाहुलीवाली हसऱ्या तोंडानं कप भरत राहिली. लेकीची इतकी चीड तिला कधी आली नव्हती. स्वतःचीही येत होती, कारण बोट तिनंच करून दिलं होतं.

पाहुणे गेल्यावर नवऱ्यानं हात बाहेर काढला, तर बोट खिशातच राहिलं होतं. तिनं खिशात हात घालून ते काढलं. त्यानं ते मुठीत इतकं आवळलं होतं की नख तुटून पडलं होतं.

"चुकून झालं गं," तो म्हणाला आणि शर्ट बदलायला आत गेला.

"आई, ते नीट करून ठेव ना," सोफ्यावरून लेक म्हणाली. "रंग जुळवून. लग्नाच्या फोटोंना लागेलच."

"तू चालायला शिकलीस तेव्हा नव्हतं लागलं," बाहुलीवाली म्हणाली.

लेक फोनवर आलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होती.

"काय नव्हतं लागलं?" तिनं मान वर न करता विचारलं.