रिकामा चाप

मार्ला हॉकेनबेरीने पिस्तूल उचललं, पण चाप ओढला नाही.

आधी तिने नळीचं तोंड जमिनीकडे केलं. मॅगझिन काढून टेबलावर वेगळं ठेवलेलं होतं आणि वरचा सरकता भाग मागे अडकवलेला होता. आत काडतूस नाही हे डोळ्यांना दिसत होतं. तरीही तिने करंगळीचं टोक आत घालून चाचपलं.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" वेंडेल स्टाउटने विचारलं. ऐंशी ओलांडलेला वेंडेल कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरून बसला होता, समोर कापलेला केक होता.

"आहे ना. पण माझ्या आईने हातात दिलं तरी मी बघतेच."

"तुझ्या आईने दिलं तर दोनदा बघ. मी ओळखतो तिला."

खिडकीपाशी त्याची बायको ओपल मांडीवर निळा शर्ट घेऊन बसली होती. तिने कात्री उचलली आणि खिशावरचा एक टाका उसवला.

मार्ला शेजारच्या गावात शाळेची बस चालवायची. चुलतभावाचं पिस्तूल मागून आणायची आणि बंद पडलेल्या खडीच्या खाणीत रिकामे डबे फोडायची. पण तिचा जीव अडकला होता गुरुवारच्या सामन्यांत. हिवाळाभर दर गुरुवारी संध्याकाळी नेमबाजी क्लबच्या तळघरात माणसं ओळीने उभी राहायची आणि एका हाताने कागदी लक्ष्यावर नेम धरायची. तिने क्लबला फोन करून पाहिला होता. संघ भरलाय, कुणी सोडलं तर बघू, असं उत्तर आलं. निदान पिस्तूल तरी आपलं असावं, म्हणून किराणा दुकानातल्या फळ्यावरची विक्रीची जाहिरात वाचून ती वेंडेलच्या घरी आली होती.

तिने अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरलं. नखावरून परतलेला उजेड नळीत शिरला. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ स्वच्छ होते, कडा अजून धारदार होत्या. मग तिने खिशातून भिंग काढलं आणि काडतूस बसतं त्या खोबणीची कड तपासायला घेतली. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून पिस्तुलाची पिनही मधोमध न बसता कडेवर बसते. खोबणी रिकामी असताना चाप ओढला, तर ती पिन थेट नळीच्या पोलादावर आदळते आणि खळगा पाडते.

"इथे एक खळगा आहे," मार्ला म्हणाली. "बारीक आहे. एकच."

"तो आमचा जावई. पहिल्यांदा घरी आला, हे उचललं आणि कट्!"

"तरी मुलगी दिलीत?"

"मला विचारलं कुणी? पण तेव्हापासून आमच्या अंगणातला बर्फ तोच काढतो."

ओपल हसली. कात्रीने आणखी एक टाका कापला.

"सकाळी एक जण आला होता," वेंडेल म्हणाला. "नवंकोरं जाकीट. त्याचं बोट सरळ चापावर जायला लागलं, तसं मी पिस्तूल काढूनच घेतलं. विकलं गेलं म्हणून सांगितलं."

"मग मी इथे काय करतेय?"

"केक खातेयस. घे अजून."

मार्लाने केक घेतला नाही. तिची नजर पिस्तुलावरून हलत नव्हती. "चाप कसा आहे ते बघू का?" तिने विचारलं.

वेंडेलने कॉफीचा मग खाली ठेवला. ओपलची कात्री थांबली.

मार्लाने खिशातून प्लास्टिकची एक पिवळी गट्टी काढली. स्क्रू बसवायच्या आधी भिंतीत ठोकतात, तसली. ती तिने काडतुसाच्या जागी सरकवली, वरचा भाग पुढे घेतला, दाराजवळच्या वाळूच्या बादलीवर नेम धरला आणि चाप ओढला. सुकी शेंग तडकावी तसा तो सुटला. पिन प्लास्टिकवर बसली. पोलादाला काही झालं नाही.

"माझ्याकडे बरणीभर आहेत या," वेंडेल खुशीत म्हणाला. "विकत आणल्या तेव्हा ओपलला वाटलं, मी घरात तसबिरी टांगणार."

"अजून वाट बघतेय," ओपल म्हणाली. "एक तसबीर टांगली असेल तर शपथ."

तिची कात्री आता भराभर चालायला लागली.

वेंडेलने किंमत सांगितली. मार्ला चपापली. "जाहिरातीत तर जास्त लिहिली होती."

"ती जाकीटवाल्याची किंमत."

"पण मुळात विकताय कशाला? एवढं जपलेलं पिस्तूल!"

वेंडेलने उजवा हात टेबलावरून उचलून समोर धरला. तो थरथरत होता. "गेल्या गुरुवारी माझी गोळी शेजारी उभ्या असलेल्याच्या कागदावर गेली, दहा गुण त्याला मिळाले," तो म्हणाला. "त्याने आभार मानले, पण संघ हरला."

"गुरुवारी?" मार्लाने विचारलं. "म्हणजे तुम्ही क्लबच्या..."

ओपलने शेवटचा दोरा उपसला आणि शर्ट झटकून उजेडात धरला. पाठीवर क्लबचं नाव होतं. खिशावरची अक्षरं निघून गेली होती, पण त्यांच्याखालचा निळा रंग विटला नव्हता, त्यामुळे 'वेंडेल' अजून वाचता येत होतं.

तिने सुईत पांढरा दोरा ओवला आणि चष्म्यावरून मार्लाकडे पाहिलं.

"नुसतं 'मार्ला' पुरे ना, पोरी? तुझं आडनाव काही या खिशावर मावायचं नाही, आणि गुरुवार तर परवावर आलाय."