वारा

काओश्युंगमध्ये भर दुपारी वीज गेली आणि श्यूमेईला बरं वाटलं. नवऱ्याच्या काचेच्या टाकीतली जिवंत पोवळी आता शिजतील.

त्या खाऱ्या पाण्याला गार ठेवायला खास यंत्र होतं. तिच्या खोलीत साधा एसी नव्हता. वीज गेली की नवरा तासन्‌तास ताडपानाच्या पंख्यानं पाण्याला वारा घालायचा. ती शेजारच्या खोलीत तापानं फणफणलेली असली तरी. गेल्या वसंतात तो वारला.

लेकीचा फोन आला. "आई, बर्फाच्या बाटल्या सोड ना पाण्यात. बाबांची पोवळी मरतील गं!"

"मरू देत. मी पस्तीस वर्षं उकडून निघाले, तेव्हा कुणी सोडल्या होत्या?"

तासाभरानं ती बघायला गेली. घरात छत्तीस अंश, पाण्यात मात्र सव्वीसच. यंत्र बंद होतं, पंखा समोर खुंटीवर होता. तरी पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या, एकाच बाजूनं, एका लयीत.

तिथल्या पंचांगातला सातवा महिना, भुतांचा महिना, चालू होता. मेलेले घरी येतात, म्हणून या महिन्यात कुणी कुणाला पूर्ण नावानं हाक मारत नाही. पण तिचं डोकंच फिरलं.

"त्साय वेनलुंग! मेल्यावरही या पोवळ्यांचेच लाड? मला कधी वारा घातलास?"

लाटा थांबल्या. सव्वीसचे सत्तावीस झाले.

पंखा खुंटीवरच होता. तिच्या घामेजल्या मानेवरचे केस मात्र हलले. मग पुन्हा हलले, त्याच लयीत.