गोगलगाय

“मोबाईलवरचा खेळ बंद केला तर कोणाला सोडणं जड जाईल?” व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी विचारलं.

“गोगलगायला,” आईकडे न बघता मुलगी म्हणाली. “खेळात हे नाव घेतलेली कोणीतरी आहे. खेळते अगदी भिकार, पण जेवलीस का, झोपलीस का, रोज विचारते. घरी नुसतं दाराबाहेर ताट ठेवून जातात.”

“बाळा, ही मैत्री नाही, आजार आहे.” डॉक्टरांनी तिथंच तिच्याकडून खेळातलं खातं कायमचं पुसून घेतलं. आईचं तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी दाराबाहेरचं ताट तसंच होतं. आईने दार वाजवलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. मग ओट्याशी उभं राहून, सवयीने, गोगलगायने मोबाईलवर खेळ उघडून लिहिलं, “जेवलीस का?”

लगेच उत्तर आलं, “हा खेळाडू आता अस्तित्वात नाही.”