हिरवा ठिपका

साहेब वाचले. पण कार्यालयाच्या मते ते पडलेच नव्हते, तेव्हा आपणही तूर्त तसंच धरून चालू. साहेब ठणठणीत आहेत, सातव्या मजल्यावरच्या केबिनमध्ये बसलेत आणि शिस्तीवर बोलतायत.

केबिनची काच धुरकट होती. बाहेरून बघणाऱ्याला खुर्चीवरचा कोट आणि टेबलावरचा दिवा दिसायचा, तेवढ्यावर भागायचं. येणारा-जाणारा कोटाला नमस्कार करायचा. साहेब स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरी असायचे. वर टाय, खाली अर्धी चड्डी, आणि मीटिंगच्या पडद्यावर पाठीमागे केबिनचं चित्र.

बाकीच्यांनी मात्र कार्यालयातच बसायचं, असा त्यांचा नियम होता. सगळे फोन लॅपटॉपमधल्या एका सॉफ्टवेअरवरून व्हायचे आणि कोण कुठून बोलतंय ते त्यात दिसायचं. कार्यालयात असाल तर हिरवा ठिपका, घरी असाल तर लाल. साहेब दिवसभर ठिपके बघायचे. माणसं बघायची त्यांना हौस नव्हती. स्वतःचा ठिपका त्यांनी 'सातवा मजला, केबिन' इथे कायमचा ठोकून घेतला होता.

साहेबांचं घर होतं त्याच इमारतीत, तीन मजले खाली, तक्रारवाली राहायची. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेणं हे तिचं काम, म्हणून हे नाव. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तासातासाला थेंब घालायचे होते, त्यामुळे ती घरूनच तक्रारी ऐकत होती. तिनेही आपला ठिपका कार्यालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर खिळवून ठेवला होता. आधी दोनदा ती लाल सापडली होती. तिसऱ्यांदा सापडली की नारळ, असं साहेबांनी सर्वांसमक्ष सांगितलं होतं. लिफ्टमध्ये साहेब कधीमधी भेटायचे, पण तिला ओळखायचे नाहीत. ठिपक्याला तोंड असतं हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"कामचुकारपणा हा रोग आहे," साहेब त्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाले आणि पडद्यावरून खाली घसरले.

सगळ्यांना वाटलं, नेट अडकलं. कोणी हललं नाही. साहेब अडकलेले असताना आपण हलणं बरं दिसत नाही. मग केबिनच्या चित्रातून गाऊन घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. अर्ध्याच आल्या, उरलेल्या भिंतीत विरघळत होत्या. त्या साहेबांच्या पत्नी होत्या. सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

घराच्या इमारतीत मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून बाईंनी सॉफ्टवेअरमधलं तातडीच्या मदतीचं लाल बटण दाबलं. अँब्युलन्स लगेच निघाली आणि वेळेत पोचली. सातव्या मजल्यावर.

तिथे केबिनचं दार फोडण्यात आलं. स्ट्रेचरवाल्याने कोटाखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि पेशंट कुठंय असं विचारलं. हेडक्लार्कने लॅपटॉप पुढे केला.

"आतच आहेत," तो म्हणाला. "हिरवे दिसतायत ना."

इकडे बाई कंट्रोल रूमवाल्याला पुन्हा पुन्हा घरचा पत्ता सांगत होत्या. तो आवाज न चढवता म्हणाला, "बाई, तोंडी पत्ते घेणं बंद झालंय, सॉफ्टवेअर दाखवतं तोच पत्ता. तोंडाने माणूस काहीही सांगतो. तुमचा पेशंट सातव्या मजल्यावर आहे, गाडी तिथे उभी आहे. पेशंट एक, गाडी एक."

बाई जिन्याने धावत सुटल्या. तक्रारवालीचं दार उघडं होतं. दिवसभर तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला अर्ध्या वाक्यात कळतं. तिने बटणाकडे बोट नेलं आणि थांबली. ठिपका असाच ठेवून बटण दाबलं, तर दुसरी गाडी जाऊन पहिलीच्या मागे उभी राहणार. पत्ता बदलला, तर ठिपका लाल होणार आणि त्याची खबर साहेबांना जाणार. साहेब वाचले तर तिची नोकरी वाचत नव्हती. साहेब गेले तर ठिपके बघायला कोणी उरत नव्हतं.

आतून आईने डोळ्यावरची पट्टी चाचपत विचारलं, "कोण आलंय गं?"

"ऑफिस आलंय," ती म्हणाली, आणि पत्ता 'घर' केला.

गाडी आली. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, म्हणून साहेबांना जिन्याने उतरवलं. डोक्याकडून अँब्युलन्सवाले, पायाकडून ती.

इथून पुढे पुन्हा काहीच घडलं नाही. कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे साहेब त्या दिवशी संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये हजर होते. केबिनचं दार वाळवीमुळे पडलं.

शुद्धीवर आल्यावर साहेबांनी आधी लॅपटॉप मागितला. बाईंना वाटलं, खालच्या मुलीचे आभार मानायचे असतील. साहेबांनी ठिपके उघडले. सगळे हिरवे होते, एक सोडून. सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी नोटीस टाइप केली: कार्यालयीन वेळेत आपण घरी काय करत होतात, याचा लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त समजावी.

तिने त्याच दिवशी उत्तर पाठवलं.

"आरोप मान्य आहे. सदर वेळी मी घराच्या जिन्यात होते व माझ्या हातात साहेबांचे पाय होते. तरी खुलाशासोबत जोडण्याकरिता, त्या वेळी उर्वरित साहेब कोठे होते याचा, त्यांच्याच सहीचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती."